केमनचा एक शेअर आणि मध्य प्रदेशचे दीडशे कोटी: व्होडाफोन-हच प्रकरण

व्होडाफोनची केस माहीत नाही असा सीए इंदूरात तरी सापडायचा नाही, पण सीए नसलेल्या माणसाला विचारा, तो म्हणेल हां ते सरकारने मागून कायदा बदलला आणि तोंडघशी पडलं तेच ना. तेवढंच लोकांच्या लक्षात राहिलंय. मुळात सौदा काय होता, टॅक्स नेमका कुठून निसटला आणि इथे मध्य प्रदेशात बसलेल्या माणसाचं त्यात काय गेलं, हे कोणी बोलत नाही. आमच्या ऑफिसात आर्टिकलशिप करणाऱ्या पोरांना ही केस सांगताना मी कलमं नंतर काढतो, आधी गोष्ट सांगतो. इथेही तसंच.

तर फेब्रुवारी २००७. हाँगकाँगच्या हचिसन ग्रुपला भारतातला मोबाइलचा धंदा विकून बाहेर पडायचं होतं. हचिसन एस्सार म्हणजे हच, ती जाहिरात आठवत असेल, पोराच्या मागे मागे फिरणारा पग कुत्रा. घेणारी होती ब्रिटनची व्होडाफोन. किंमत ११ अब्ज डॉलरच्या वर, तेव्हाच्या भावाने पन्नास हजार कोटी रुपयांच्या आसपास. भारतातल्या तोपर्यंतच्या सगळ्यात मोठ्या सौद्यांपैकी एक.

आता गंमत बघा. या सौद्यात भारतातल्या कंपनीचा एकही शेअर हातातून हातात गेला नाही. हचिसनने केमन बेटांवर १९९८ पासून एक कंपनी ठेवली होती, सीजीपी इन्व्हेस्टमेंट्स (होल्डिंग्ज). तिचा शेअर एकच. तो विकणारी हचिसन टेलिकम्युनिकेशन्स, ती पण केमनलाच रजिस्टर झालेली. सीजीपीच्या पोटात मॉरिशसच्या कंपन्या, त्यांच्या पोटात अजून कंपन्या, असं उतरत उतरत सगळ्यात खाली हचिसन एस्सार, जिच्याकडे लायसन्स, टॉवर, स्पेक्ट्रम आणि कोट्यवधी ग्राहक. व्होडाफोनने आपली नेदरलँड्समधली कंपनी पुढे केली आणि तो एक शेअर घेतला. झालं, हचिसन एस्सारमधला ६७ टक्के हिस्सा हातात. त्यातला ५२ टक्क्यांच्या आसपास त्या साखळीतल्या कंपन्यांमधून आणि बाकीचा इथल्या भारतीय भागीदारांबरोबर केलेल्या ऑप्शनच्या करारांमधून.

विकणारा केमनचा, घेणारा डच, विकलेली वस्तू केमनची. भारताचा संबंध काय, असं दोघंही म्हणायला मोकळे. पण याच सौद्यासाठी दिल्लीला एफआयपीबीकडे, म्हणजे परदेशी गुंतवणुकीला परवानगी देणाऱ्या बोर्डाकडे जावं लागलंच, आणि तिथे भारतातल्या कंपनीतला हिस्साच दाखवावा लागला. मला हा भाग कायम खटकतो. परवानगी घेताना माल भारतातला आणि टॅक्स विचारला की माल केमनचा.

हचिसनला झालेला नफा मोठा होता. त्याच्यावर लाँग टर्म कॅपिटल गेन धरून डिपार्टमेंटने नंतर जो मूळ टॅक्स काढला तो ७,९९० कोटींच्या घरात, व्याजासकट डिमांड ११,२१८ कोटी. पण हचिसन तर पैसे घेऊन निघून गेलेली, तिने भागधारकांना भलामोठा लाभांशही वाटून टाकला. मग धरायचं कोणाला? घेणाऱ्याला. सप्टेंबर २००७ मध्ये व्होडाफोनला नोटीस गेली की तुम्ही पैसे देताना टीडीएस का कापला नाही.

इथे पोरं हमखास विचारतात, सर नफा हचिसनचा आणि नोटीस व्होडाफोनला, हे काय? तेव्हा मी त्यांना आमच्याकडच्या एका पार्टीचं सांगतो. राजेंद्र नगरमधले एक काका, बँकेतून रिटायर झालेले, त्यांनी अमेरिकेत राहणाऱ्या एका ओळखीच्याचा इंदूरातला फ्लॅट घेतला. सौदा पक्का झाला, बयाणा दिला आणि रजिस्ट्रीच्या आधी सहज म्हणून आमच्याकडे कागद दाखवायला आले. विकणारा एनआरआय म्हटल्यावर तेव्हा इन्कम टॅक्स कायद्याचं कलम १९५ लागायचं. म्हणजे काकांनी टॅन (टॅक्स कापणाऱ्याचा नंबर) काढायचा, पैसे देताना तेव्हाच्या दराने वीस टक्के अधिक सरचार्ज-सेस कापायचा, चलान भरायचं, २७क्यू फॉर्ममध्ये रिटर्न टाकायचं. काका चिडलेच. "अहो मी फ्लॅट घेतोय, मी कमावलं काय त्यात? त्याचा टॅक्स मी कशाला भरत बसू?" आमच्या ऑफिसातल्या सरांनी त्यांना शांतपणे सांगितलं, "काका, तो उद्या विमानात बसून जाईल, तुम्ही इथेच आहात. नाही कापला तर डिपार्टमेंट तुमच्या दारात येईल, व्याजासकट." मग विकणाऱ्याकडून कमी दराने कापायचं सर्टिफिकेट मागवलं, त्यात वेळ गेला, रजिस्ट्री लांबली, काकांनी आमची फी पण भरली. तेच कलम १९५. व्होडाफोनला जी नोटीस गेली ती हेच कलम पाळलं नाही म्हणून. काकांना सुटका नव्हती कारण फ्लॅट इंदूरात, विकणाऱ्याचं नाव थेट रजिस्ट्रीवर. तो फ्लॅट एखाद्या केमनच्या कंपनीच्या नावावर असता आणि त्या कंपनीचा शेअर विकला असता तर काय, हाच कोर्टासमोरचा प्रश्न होता, फक्त आकडा पन्नास हजार कोटींचा.

कोर्टातलं थोडक्यात सांगतो कारण ते सगळीकडे मिळतं. मुंबई हायकोर्टाने ८ सप्टेंबर २०१० ला निकाल सरकारच्या बाजूने दिला, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती देवधर यांचं बेंच. त्यांचं म्हणणं असं की हा नुसता एका शेअरचा व्यवहार नाही, त्याच्याबरोबर भारतातले बरेच हक्क गेलेत, ऑप्शन, ब्रँड, कंट्रोल, आणि त्यांचा भारताशी पुरेसा संबंध आहे. सुप्रीम कोर्टाने २० जानेवारी २०१२ ला हे उलटवलं. सरन्यायाधीश कपाडिया, न्यायमूर्ती राधाकृष्णन, न्यायमूर्ती स्वतंत्र कुमार. व्होडाफोनकडून हरीश साळवे, सरकारकडून तेव्हाचे सॉलिसिटर जनरल रोहिंटन नरिमन. कोर्ट म्हणालं सौदा पूर्ण बघा, त्याचे तुकडे करून आत आत शिरू नका. हचिसनची रचना १९९४ पासूनची आहे, टॅक्स बुडवायला आदल्या रात्री उभी केलेली नाही. आणि इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम ९ मध्ये भारतातली मालमत्ता थेट विकली तर टॅक्स आहे, परदेशातल्या कंपनीमार्फत अप्रत्यक्ष विकली तर टॅक्स असं कुठेच लिहिलेलं नाही. व्होडाफोनने केस चालू असताना जमा केलेले २,५०० कोटी चार टक्के व्याजाने परत द्या.

आता माझं मत. निकाल वाचला की कायद्याच्या अंगाने तो बरोबरच वाटतो. लिहिलेलं नाही ते कोर्टाने घुसवायचं का? आणि लिहिलेलं नव्हतं हे सरकारलाही पक्कं माहीत होतं, कारण २०१० च्या डायरेक्ट टॅक्स कोडच्या बिलात अशा अप्रत्यक्ष विक्रीवर टॅक्स लावायची तरतूद आली होती. म्हणजे भोक दिसलेलं होतं, बुजवायचं राहिलं होतं, आणि कोर्टाने तेच बोट ठेवून दाखवलं की नवीन बिलात घालताय म्हणजे जुन्या कायद्यात नाही. ही करचोरी नव्हती, कोणी खोटी बिलं फाडली नव्हती की रोकड पोत्यात भरली नव्हती. कायद्यात राहून टॅक्स टाळला. फक्त तो टाळायची सोय ज्याला केमनला कंपनी उघडता येते त्यालाच असते.

निकालात एक आकडा येतो जो कंपनीच्या बाजूचे लोक नेहमी फेकतात. २००२-०३ ते २०१०-११ या काळात या ग्रुपच्या भारतातल्या धंद्यातून २०,२४२ कोटी रुपये प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कर मिळून सरकारकडे आले. बरोबर आहे, धंदा करत होते आणि टॅक्स येत होता. पण अप्रत्यक्ष म्हणजे त्यात सर्व्हिस टॅक्स पण आला ना, आणि तो कंपनीने खिशातून थोडाच दिला, तो रिचार्ज मारणाऱ्या प्रत्येकाने दिला. कॉलेजच्या पोराने दिला, भाजीवाल्याने दिला. तो आकडा कंपनीच्या खात्यावर मांडायचा म्हणजे जरा जास्तच झालं.

बरं, आता मध्य प्रदेश. हा हिशोब कोणी मांडलेला मला दिसला नाही म्हणून मीच मांडतो.

कंपन्यांवरचा टॅक्स केंद्र गोळा करतं पण तो सगळा केंद्राचा नसतो. वित्त आयोग ठरवतो त्याप्रमाणे त्यातला वाटा राज्यांना जातो. २००५ ते २०१० बारावा वित्त आयोग लागू होता, त्याने राज्यांचा वाटा ३०.५ टक्के ठेवला होता आणि त्या वाट्यातले ६.७११ टक्के मध्य प्रदेशचे. मग धरा की ७,९९० कोटी २००७-०८ मध्येच आले असते. त्यातून सरचार्ज आणि सेस काढा, कारण ते केंद्र राज्यांबरोबर वाटून घेत नाही (हे पण एक दुखणंच आहे, त्यावर पुन्हा कधीतरी). उरले साडेसात हजारांच्या आसपास. त्याचे ३०.५ टक्के म्हणजे साधारण २,३०० कोटी राज्यांचे. आणि त्यातले ६.७११ टक्के म्हणजे दीडशे कोटींच्या थोडं वर, ते आपले. एका शेअरच्या एका सौद्यातून.

आता हाच हिशोब बाकीच्या राज्यांना लावा. उत्तर प्रदेशचा वाटा १९.२६४ टक्के होता, म्हणजे साडेचारशे कोटींच्या जवळपास. बिहारचा ११.०२८, म्हणजे अडीचशे कोटी. महाराष्ट्राचा ४.९९७, म्हणजे सव्वाशेच्याही आत. ज्या मुंबईत कंपनीचं ऑफिस होतं त्या राज्याचं गेलं या चौघांत सगळ्यात कमी, आणि ज्या पाटण्यात तेव्हा हचचं सिम शोधायला लागलं असतं त्या राज्याचं गेलं दुप्पट. कारण वाटणीचा फॉर्म्युलाच असा की गरीब राज्याला जास्त. म्हणून मोठ्या कंपनीचा टॅक्स निसटला की टक्केवारीने जास्त मार गरीब राज्यालाच बसतो, आणि तिथल्या माणसाला कळतही नाही की आपल्या शाळेच्या छपराचा आणि केमनच्या शेअरचा काही संबंध आहे.

कोणी म्हणेल की कोर्टाने टॅक्स लागतच नाही म्हटल्यावर गेलं असं कसं म्हणायचं. मान्य, हक्काचे होते असं मी म्हणत नाहीये. कायदा वेळेत नीट लिहिला असता तर आले असते, एवढंच.

राज्याला पैसे कमी पडले की ते काय करतं? व्होडाफोनकडून तर वसूल करू शकत नाही. राज्याच्या हातात असतं काय तर पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारू, रजिस्ट्रीची स्टॅम्प ड्यूटी, आणि २०१७ ला जीएसटी आल्यापासून तर मुख्यतः तेवढंच उरलंय. एमपीत पेट्रोल बाकीच्या बऱ्याच राज्यांपेक्षा महाग का, याचं पूर्ण उत्तर हे नाही, राज्याचे खर्च आणि घोषणा पण आहेतच. पण थोडं उत्तर इथे आहे. पेट्रोलचा टॅक्स ॲक्टिव्हावाल्याला आणि मर्सिडीजवाल्याला एकाच दराने लागतो, तो कुठल्या बेटावरून टाळता येत नाही.

आणि धंद्यातला फरक वेगळाच. आमच्याकडे इंदूरजवळच्या पिथमपूरच्या लहान कंपन्यांची कामं येतात, गाड्यांच्या कारखान्यांना छोटेमोठे पार्ट देणाऱ्या. तेव्हा कंपनीला ३० टक्के आणि वर सेस लागायचा, एक कोटीच्या वर गेलं की सरचार्जही, आणि हे लोक तो भरायचे, ॲडव्हान्स टॅक्सचा हप्ता चुकला की व्याज भरायचे. त्यांनी कधी विचारलं नाही की सर केमनला काही करता येईल का. विचारलं असतं तरी उपयोग नव्हता, तसली रचना उभी करायला लंडन-सिंगापूरचे वकील लागतात आणि त्यांच्या एका बैठकीच्या बिलात इथलं वर्षभराचं ऑडिट होतं. मोठ्याला टॅक्स कमी आणि लहानाला पूर्ण, म्हणजे मोठ्याकडे पुढच्या वर्षी वाढायला जास्त पैसे आणि लहान तिथल्या तिथे. हे स्पर्धेतलं नुकसान कुठल्याच बजेटच्या कागदावर दिसत नाही.

इथपर्यंत सरकार बिचारं वाटत असेल तर थांबा.

निकाल लागला जानेवारी २०१२ ला. १६ मार्चला अर्थमंत्री प्रणव मुखर्जींनी बजेट मांडलं आणि त्यात कलम ९ ला एक स्पष्टीकरण जोडलं की परदेशातल्या कंपनीच्या शेअरची किंमत मुख्यतः भारतातल्या मालमत्तेतून येत असेल तर तो शेअर भारतातलाच समजायचा. इथपर्यंत माझा टाळ्या वाजवायचा विचार होता. पण पुढे लिहिलं, हे लागू १ एप्रिल १९६२ पासून. पन्नास वर्षं मागे! वर कलम ११९ टाकून जुन्या डिमांड कोर्टाचे निकाल काहीही असले तरी कायम असंही करून ठेवलं. निकालाचा फेरविचार करा ही सरकारची रिव्ह्यू पिटिशन कोर्टाने मार्चमध्येच फेटाळली, म्हणजे व्होडाफोनची सुटका पक्की, आणि त्याच महिन्यात त्या सुटकेवर पाणी.

हे चुकलंच. पुढच्या सौद्यांसाठी नियम बदलायचा सरकारला पूर्ण हक्क आहे, पण झालेल्या सौद्यावर हरलेली केस कायदा करून जिंकायची म्हणजे रडीचा डावच. त्याच वर्षी सरकारनेच नेमलेल्या पार्थसारथी शोम यांच्या समितीने सांगितलं की असला कायदा पुढच्यासाठीच ठेवा आणि मागे लावायचाच असेल तर निदान व्याज-दंड लावू नका. ऐकलं नाही.

मग केस गेली देशाबाहेर. भारत आणि नेदरलँड्समध्ये गुंतवणुकीच्या संरक्षणाचा करार होता आणि शेअर घेणारी कंपनी डचच होती, म्हणजे जी डच कंपनी टॅक्ससाठी सोयीची होती ती आता लवादासाठीही सोयीची निघाली. २५ सप्टेंबर २०२० ला हेगच्या लवादाने एकमताने व्होडाफोनच्या बाजूने निर्णय दिला. डिसेंबरमध्ये केर्न एनर्जी या ब्रिटिश तेल कंपनीच्या वेगळ्या केसमध्ये भारताला १.२ अब्ज डॉलर आणि वर व्याज-खर्च द्यायला सांगितलं गेलं. केर्नचा मुद्दा असा होता की २००६ मध्ये आपल्याच कंपन्यांची फेरमांडणी केली, त्यावर या मागच्या तारखेच्या कायद्याने टॅक्स लावला आणि शेअर जप्त करून विकले. पैसे मिळेनात म्हणून केर्नने अमेरिकेत एअर इंडियाला कोर्टात खेचलं आणि जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या वीसेक मालमत्तांवर कोर्टाची टाच आणली. टॅक्स वसूल करायला निघालेल्या देशाच्या मालमत्तेवर टाच, अशी वेळ आली.

महिन्याभरात, ऑगस्ट २०२१ मध्ये, संसदेत कायदा आला आणि २८ मे २०१२ च्या आधीच्या अशा सौद्यांवरचा टॅक्स मागे घेतला. एकूण १७ केसमध्ये डिमांड निघाल्या होत्या आणि हातात आले होते ८,१०० कोटींच्या आसपास, बहुतेक केर्नचेच, ते बिनव्याजी परत करायचे ठरले. नऊ वर्षांची वसुली परतफेडीत संपली. वकिलांची फी आणि अधिकाऱ्यांचे लंडन-हेगचे दौरे हे सगळं वेगळं, ते पण त्याच तिजोरीतून, जिच्यात काकांनी वीस टक्के कापून भरले होते.

मधल्या काळात काही गोष्टी नीट झाल्या, ते पण सांगायला हवं. २८ मे २०१२ नंतरच्या सौद्यांना तो अप्रत्यक्ष विक्रीचा नियम लागू आहे, २०१५ मध्ये त्याला हद्द पण घातली, परदेशातल्या कंपनीच्या मालमत्तेपैकी निम्मी किंवा जास्त भारतात असेल आणि ती १० कोटींच्या वर असेल तरच. मे २०१६ मध्ये मॉरिशसबरोबरचा टॅक्सचा करार बदलला, त्यामुळे १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरवरच्या नफ्याला इथे टॅक्स लागायला लागला. त्याच तारखेपासून गार (GAAR) नावाचे नियम आले, म्हणजे मुख्यतः टॅक्स टाळायलाच उभी केलेली रचना असेल तर ती डिपार्टमेंटला बाजूला सारता येते, तीन कोटींच्या वरचा फायदा असला तर. आज हचिसनसारखा सौदा झाला तर ७,९९० कोटी असे सहज निसटायचे नाहीत.

पण टॅक्स निसटायची भीती दाखवून तो कमी करून घ्यायचा, ही दुसरी वाट उघडीच आहे. सगळे देश दर कमी करतायत, आपण नाही केले तर कंपन्या येणार नाहीत, म्हणून सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा दर २२ टक्क्यांवर आणला, नवीन कारखान्यांना १५. सरकारचाच अंदाज होता की वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी सोडावे लागतील. व्होडाफोनची पूर्ण डिमांड याच्यापुढे काहीच नाही. आणि २०२३-२४ चे आकडे बघा, कंपन्यांकडून ९ लाख कोटींच्या आसपास आले आणि माणसांच्या इन्कम टॅक्समधून १० लाख कोटींच्या वर. पगारदाराचा टीडीएस महिन्याच्या महिन्याला कापला जातो, त्याच्यासाठी कोणी दर कमी करायची शर्यत लावत नाही कारण तो कुठे जाणार आहे? राजेंद्र नगरातून विजय नगरला फार तर.

जगभरात कंपन्यांना निदान १५ टक्के टॅक्स लावायचा असं २०२१ मध्ये १३० पेक्षा जास्त देशांनी ठरवलं, हे त्या शर्यतीला बूच लावायलाच. ठरवणं आणि लावणं यात मात्र बरंच अंतर राहिलंय.

व्होडाफोनचं सांगायचं राहिलं. २०१८ मध्ये ती आयडियात मिळून व्होडाफोन आयडिया झाली. मग एजीआरचा, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या उत्पन्नातला सरकारचा वाटा कशावर मोजायचा त्या वादाचा, निकाल आला ऑक्टोबर २०१९ ला, सरकारची देणी डोक्यावर बसली, कंपनीकडे रोकड नाही, म्हणून सरकारने देण्याच्या बदल्यात शेअर घेतले, आधी २०२३ मध्ये ३३ टक्के आणि एप्रिल २०२५ मध्ये अजून ३६,९५० कोटींचे, असा सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांपर्यंत गेला. म्हणजे ज्या धंद्याच्या विक्रीवरचा टॅक्स मिळावा म्हणून चौदा वर्षं भांडलो त्याच्यात आता आपण जवळजवळ निम्मे मालक, आणि यावेळी शेअर केमनचा नाही, इथलाच, लिस्टेड. ही देवाणघेवाण फायद्याची की नुकसानीची, ते एजीआरचं प्रकरण वेगळं लिहिल्याशिवाय सांगता यायचं नाही.